निव्वळ पट्टी

सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे हळदीची अडत करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या घरी गेल्या दिवाळीनंतर एक प्रश्न उभा राहिला. त्यांचा मुलगा पुष्कळ वर्षांपूर्वी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात स्थायिक झाला. तेथेच जन्मलेली व वाढलेली नात आज तेथील एका सार्वजनिक शाळेत व्हायोलिन आणि वाद्यवृंद शिकवते. एका रविवारी फोनवर बोलताना तिने सांगितले, की नोकरी न सोडता, ऑनलाइन पद्धतीने, संगीतशिक्षण या विषयात पदव्युत्तर पदवी घेण्याचा तिचा विचार आहे. खर्च सुमारे १८,००० डॉलर.

त्या रात्री आजोबांनी कपाटातून मुदतठेवीच्या पावत्या काढल्या. १८,००० डॉलर म्हणजे पंधरा लाख रुपयांहून अधिक. आजी शेजारी येऊन बसल्या. पावत्या पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, या आपल्या दोघांच्या म्हातारपणाच्या आहेत."

"नात शिकते आहे. शिक्षणाला दिला नाही, तर तो पैसा ठेवून करायचा काय?"

दोघांचेही म्हणणे खरे होते. अशा वेळी घरात वाद होत नाही, अबोला होतो. आणि अबोल्यात घेतलेले आर्थिक निर्णय बहुधा महाग पडतात. या घरात तसे झाले नाही, याचे कारण आजोबांचा जुना व्यवसाय.

आपल्याकडे संगीत गुरूच्या घरी किंवा विद्यालयात शिकले जाते. शाळेत ते आठवड्याच्या एखाद्या तासापुरते असते. अमेरिकेत स्थिती निराळी आहे. बोस्टन शहराने १८३८ साली सार्वजनिक शाळांच्या अभ्यासक्रमात संगीताला स्थान दिले. आज तेथील बहुतेक मोठ्या शाळांत वाद्यवृंद, बँड आणि समूहगान हे वेळापत्रकातील रीतसर विषय असतात. संगीतशिक्षकाला गणिताच्या शिक्षकाप्रमाणेच शासकीय परवाना लागतो आणि त्याच वेतनश्रेणीने पगार मिळतो. बहुतेक ठिकाणी या वेतनश्रेणीच्या तक्त्यात दोन गोष्टी पाहतात. नोकरीची वर्षे वाढली की शिक्षक तक्त्यात खाली सरकतो आणि पगार वाढतो. पदवी वाढली की तो शेजारच्या रकान्यात जातो आणि पगार पुन्हा वाढतो.

मात्र हा रकाना सर्वत्र सारखा नाही. न्यूयॉर्क राज्यात प्रारंभिक परवान्यावर काम करणाऱ्या शिक्षकाने पुढचा व्यावसायिक परवाना मिळवण्यासाठी पदव्युत्तर पदवी घ्यावीच लागते. उलट नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०१३ साली कायदा करून नव्या शिक्षकांसाठी या पदवीचा वाढीव पगार बंद केला. तीच पदवी एका राज्यात नोकरीची अट आहे, दुसऱ्या राज्यात केवळ आत्मसंतोष. म्हणून फी किती, हा पहिला प्रश्न नव्हे. आपण जेथे नोकरी करतो तेथे या पदवीला काय मोल आहे, हा पहिला प्रश्न.

नातीने तो आधीच विचारून ठेवला होता. तिच्या शाळामंडळाच्या करारानुसार ही पदवी मिळाल्यावर वर्षाला सुमारे ३,००० डॉलर पगारवाढ होणार होती. शिवाय मंडळ दरवर्षी ३,००० डॉलरपर्यंत फीची भरपाई देत होते. हे सारे आजोबांना ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त १८,००० हा आकडा ऐकला होता.

पुढच्या रविवारी त्यांनी पैसे पाठवण्याची गोष्ट काढली, तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही मोठा आकडा ऐकलात. हातात येणारा आकडा अजून मी सांगितलाच नाही."

हे वाक्य आजोबांना नेमके लागले. त्यांच्या काळी सौद्यात हळदीला क्विंटलमागे काय भाव पुकारला गेला, यावर नवखा शेतकरी खूश होई. जुना शेतकरी मात्र पट्टीची वाट पाही. अडत, हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल, हे सारे वजा होऊन पट्टीच्या तळाशी जी निव्वळ रक्कम लिहिली जाई, तीच त्याच्या मालाची खरी किंमत. येथे व्यवहार उलट्या दिशेचा होता, पण रीत तीच. आजोबांनी वही घेतली आणि म्हणाले, "सांग, काय काय वजा होते?"

पहिली ओळ एकूण खर्चाची. अमेरिकेत अशा पदवीची फी वर्षावर नव्हे, तर 'क्रेडिट' या अभ्यासमापावर आकारली जाते. संगीतशिक्षणाची ही पदवी बहुधा ३० ते ३६ क्रेडिटांची असते. नातीने निवडलेला अभ्यासक्रम ३० क्रेडिटांचा, म्हणजे तीन-तीन क्रेडिटांच्या दहा विषयांचा. दर क्रेडिटला ५५० डॉलरप्रमाणे १६,५०० आणि तंत्रज्ञान शुल्कासह इतर आकार १,५००, एकूण १८,०००. यात उन्हाळ्यात विद्यापीठात जाऊन राहण्याची अट नव्हती. काही अभ्यासक्रमांत ती असते, आणि मग विमान व निवासाचा खर्च 'ऑनलाइन' या शब्दाआड लपून राहतो.

दुसरी ओळ मालकाच्या मदतीची. मालकाने शिक्षणासाठी दिलेली रक्कम वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत तेथे करमुक्त ठेवता येते, म्हणून मंडळाच्या ३,००० डॉलरवर कर नव्हता. परंतु न्यू जर्सीच्या कायद्यानुसार प्रवेश घेण्यापूर्वी शाळा-अधीक्षकांची मंजुरी लागते, विद्यापीठ मान्यताप्राप्त असावे लागते आणि विषय शिक्षकाच्या कामाशी निगडित असावा लागतो. मंजुरीआधी प्रवेश घेतला, तर भरपाई आणि पगारवाढ दोन्ही हातची जाऊ शकतात. शिवाय अनेक ठिकाणी ठराविक श्रेणी मिळवण्याची आणि पुढे एक-दोन वर्षे नोकरी न सोडण्याची अट असते. नातीने हा करार पूर्ण वाचला होता.

तिसरी ओळ प्राप्तिकराची. स्वतःच्या खिशातून भरलेल्या पात्र फीपैकी वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतच्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे कमाल २,००० डॉलर, थेट देय करातून वजा होतात. यासाठी अविवाहित व्यक्तीचे उत्पन्न ८०,००० डॉलरच्या आत असावे लागते. त्यापुढे सवलत घटत जाऊन ९०,००० ला संपते. एकच विषय घेतला तरी ती मिळते. मात्र मालकाने करमुक्त दिलेल्या रकमेवर ती पुन्हा मागता येत नाही.

आता पट्टी मांडता आली. अभ्यासक्रम दोन वर्षांत पुरा केला, तर मंडळाचे ६,००० वजा जाऊन १२,००० उरतात. त्यावरची करसवलत २,४००. निव्वळ खर्च ९,६००. तीन वर्षांत केला, तर मंडळाचे ९,०००, करसवलत १,८००, निव्वळ ७,२००. पाच वर्षांत केला, तर मंडळ १५,००० देते, करसवलत ६०० आणि निव्वळ खर्च अवघा २,४००.

"मग पाच वर्षे घे," आजोबा म्हणाले.

"पण आजोबा, पगारवाढ पदवीनंतर मिळते. तीनऐवजी पाच वर्षे लावली, तर दोन वर्षांची वाढ गेली. करापूर्वीचे ६,००० डॉलर."

आजोबांनी पुन्हा गणित केले. पाच वर्षे लावल्यास ४,८०० वाचतात. दोन वर्षांच्या वाढीतून कर जाऊन जेमतेम तेवढेच हाती आले असते. दोन वर्षांचा मार्गही साधारण तेथेच येऊन ठेपत होता. पण शाळा, वाद्यवृंदाची तालीम, हिवाळ्यातील आणि वसंतातील कार्यक्रम सांभाळून सत्राला दोन-तीन विषय घ्यायचे, तर झोप आणि शिकवणे दोन्हींवर ताण आला असता. आकडे सारखे आले की निर्णय आकड्यांनी करायचा नसतो. तीन वर्षांचा मार्ग ठरला. ७,२०० डॉलर छत्तीस महिन्यांत म्हणजे महिन्याला २००. ते तिच्या पगारातून निघत होते, आणि नंतरच्या वाढीतून तीन-साडेतीन वर्षांत ते भरूनही निघणार होते.

"आणि कर्ज?" आजोबांनी विचारले. धंद्यात त्यांनी कर्ज घेतले होते आणि दिलेही होते. त्यांना त्याची भीती नव्हती, जाणीव होती.

अमेरिकेचे केंद्र सरकार पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत कर्ज देते. रक्कम हाती पडल्या दिवसापासून त्यावर व्याज चढते. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज थांबत नाही. जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी या कर्जाची एकूण मर्यादा १,००,००० डॉलर झाली असून, फी आणि राहणीमानाचा उरलेला सारा खर्च भागवणारे 'ग्रॅड प्लस' हे दुसरे कर्ज बंद झाले आहे. शिवाय सरकारी कर्जासाठी किमान अर्धवेळ प्रवेश लागतो. सत्राला एकच विषय घेणाऱ्यास ते बहुधा मिळतच नाही. मग खासगी कर्जाचा मोह होतो, आणि तेथे सरकारी कर्जाच्या सवलती नसतात.

शिक्षकांना कर्जमाफी मिळते, असे पुष्कळ ऐकू येते. अल्प उत्पन्नाच्या वस्तीतील शाळेत सलग पाच वर्षे शिकवणाऱ्या शिक्षकाचे कर्ज काही अंशी माफ होते, हे खरे. पण गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षणाच्या शिक्षकांसाठी ही रक्कम १७,५०० डॉलरपर्यंत आहे, तर संगीतशिक्षकासाठी ५,००० पर्यंत. 'टीच' नावाच्या अनुदानाचेही तसेच. वर्षाला कमाल ४,००० डॉलर मिळतात, परंतु शिक्षकांची टंचाई असलेल्या विषयात, अल्प उत्पन्नाच्या शाळेत, आठ वर्षांत चार वर्षे शिकवण्याचे वचन द्यावे लागते. वचन मोडले तर ते अनुदान पहिल्या दिवसापासूनच्या व्याजासह कर्ज बनते. संगीत हा टंचाईचा विषय आहे की नाही, हे त्या त्या राज्याच्या यादीवर ठरते. नातीची शाळा अल्प उत्पन्नाच्या वर्गात मोडत नव्हती. तिने दोन्ही गोष्टी यादीतून खोडल्या होत्या.

एक प्रश्न पैशापलीकडचा होता, तोही आजोबांनीच विचारला. "व्हायोलिन पडद्यावर कसे शिकणार?"

नात हसली. ही पदवी वादनाची नव्हे, शिकवण्याची होती. मुलांचे कान कसे तयार होतात, अभ्यासक्रम कसा रचावा, संशोधन कसे वाचावे, असे तिचे विषय. प्रयोगशाळा म्हणजे तिचाच वर्ग. तेथील तालमीचे चित्रण पाठवायचे आणि प्राध्यापकांनी त्यावर टिप्पणी करायची. वादनात पुढे जायचे असते, तर तिने गुरूसमोर बसण्याचाच मार्ग धरला असता. ज्याच्याकडे शिकवण्याचा परवानाच नाही, त्याने तर अधिक सावध असावे; अशा सर्वच पदव्यांतून परवाना मिळतो असे नाही.

इतके झाल्यावर पावत्यांचा प्रश्न उरला. पूर्ण रक्कम पाठवायची म्हटली, तर मुदतीपूर्वी ठेवी मोडाव्या लागल्या असत्या आणि व्याज घटले असते. परदेशी पाठवलेली रक्कम आर्थिक वर्षात दहा लाखांपुढे गेली की वरच्या भागावर बँक कर आधीच गोळा करते. विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. हे सारे सोसूनही आजोबांनी पैसे पाठवले असते. परंतु आजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे होती, आणि तिच्यासाठी परदेशातून पैसे मागण्याची वेळ आली असती, तर नातीला ते अधिक जड गेले असते. तसे तिने स्पष्ट सांगितले.

तरीही आजोबांना काही द्यायचे होते. ती जागा वहीतच सापडली. मंडळाची भरपाई विषय उत्तीर्ण झाल्यावर मिळते. फी मात्र सत्राच्या आरंभी भरावी लागते. मधल्या काही महिन्यांसाठी एका विषयाची फी, १,८०० डॉलर, हाताशी असावी लागते. ही गरज पदवीची नव्हे, खेळत्या भांडवलाची होती.

"ही उचल समज," आजोबा म्हणाले. "पण परत करायची नाही. मंडळाचे पैसे आले की त्यातच भर, पुढच्या सत्राला तीच वापर. तुझी पदवी झाली की धाकट्या भावासाठी ठेव."

दीड लाखाहून थोडी अधिक असलेली ही रक्कम बचत खात्यातून गेली. पावत्या कपाटात परतल्या. आजींनी किल्ली फिरवली आणि नातीला विचारले, की दहा विषयांत पहिला कोणता.

परदेशी शिकणाऱ्या मुला-नातवंडांसाठी आज अनेक घरांत पावत्या अशाच बाहेर निघतात. देण्याची इच्छा हे आपल्या कुटुंबांचे बळ आहे. ती आवरण्याचे कारण नाही. फक्त क्रम पाळावा. आधी पदवीचे त्या ठिकाणचे मोल, मग मालकाची मदत, मग करसवलत, मग स्वतःच्या पगारातून जमेल तेवढे, आणि शेवटी कर्ज. वडीलधाऱ्यांच्या ठेवीचा विचार या साऱ्यानंतर करावा, आणि तोही शिकणाऱ्याच्या समोर, वही उघडी ठेवून.

सांगलीच्या त्या घरात आता प्रत्येक सत्राच्या शेवटी फोन येतो. आजोबा आधी वाद्यवृंदाची चौकशी करतात, मग वही काढतात आणि म्हणतात, "हं, पट्टी सांग."