आश्चर्यानंतरचा प्रश्न

एकादशीच्या दिवशी महाराष्ट्रातील असंख्य घरांत जे फराळाचे ताट वाढले जाते, त्यातील साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळे आणि हिरवी मिरची या पाचही जिनसांचे मूळ अमेरिका खंडात आहे, आणि सन १४९२ मध्ये कोलंबसाची गलबते तिकडच्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी यांतील एकही जिन्नस आपल्या मुलखात ठाऊक नव्हता, ही हकीकत प्रथमच ऐकणाऱ्यास सहसा खरी वाटत नाही. ज्या साबुदाण्यावाचून उपवासाची कल्पनाच करवत नाही, तो आज मुख्यत्वे तामिळनाडूतील सेलमच्या परिसरात कसावा नावाच्या कंदाच्या पिष्टापासून तयार होतो, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा मराठी स्वयंपाकघरातला तिखटपणा मिरे, पिंपळी आणि आले यांच्यावरच अवलंबून होता.

अशी माहिती फुटकळ समजून सोडून देण्याची वहिवाट आपल्याकडे आहे. ती मला मान्य नाही. ही हकीकत एखाद्या घरात जेवणाच्या वेळी सांगून पाहावी. ‘मग पूर्वी लोक उपवासाला खात तरी काय?’ असे नातवंडे विचारतात, आणि वरीचे तांदूळ, शिंगाड्याचे पीठ, कंद, दूध, फळे यांचा तपशील सांगण्याचा अधिकार आपोआप आजीकडे येतो. ज्या घरात चार माणसे एका पंक्तीला बसूनही परस्परांशी बोलत नाहीत, तेथे तीन पिढ्यांना एकाच विषयात गुंतविणारी माहिती क्षुल्लक कशी म्हणावी?

परंतु संभाषणाचे खरे मोल त्यानंतर येणाऱ्या एका प्रश्नात आहे: ‘हे कशावरून?’ बटाट्याचे रानटी भाईबंद अँडीज पर्वताच्या आसमंतात आजही उगवतात. मिरचीचे प्राचीन अवशेष मेक्सिकोतील उत्खननांत सापडले आहेत. आणि आपल्या जुन्या ग्रंथांत मिऱ्याचा उल्लेख जागोजाग असताना मिरचीचा मात्र आढळत नाही. वनस्पतिशास्त्र, पुरातत्त्व आणि वाङ्मय या परस्परांना न भेटलेल्या साक्षीदारांची जबानी जेव्हा एकच निघते, तेव्हा निवाडा भक्कम होतो. आणि ज्या मुलाला ही रीत एकदा उमगली, त्याच्या हाती जगातील कोणतीही वदंता तपासण्याचे साधन आले.

अशा माहितीने श्रद्धेचा अवमान होतो, असे काही सज्जनांस वाटते. त्यांना माझे नम्र सांगणे असे की, व्रताचे सत्त्व संयमात असते, जिनसांच्या जन्मस्थानात नव्हे. उलट दूरदेशीच्या कंदमुळांना आपल्या पूर्वजांनी व्रतस्थ ताटात सन्मानाने स्थान दिले, यात परंपरेचे सामर्थ्यच दिसून येते.

काही आश्चर्ये तर कोणत्याही ग्रंथाच्या दाखल्यावाचून स्वतःच पडताळता येतात. दररोज मध्याह्नी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर तो वर्षातून दोनदाच, मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि जुलैच्या अखेरीस येतो, मधल्या काळात मध्याह्नीची सावली चक्क दक्षिणेकडे पडते, आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेस असलेल्या दिल्लीत तर तो कधीच माथ्यावर येत नाही. जुलैमध्ये ढगांचा अडथळा असतो. पण मे महिन्यात गच्चीवर एक काठी उभी करून, घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर तिची सावली पायथ्याशी लुप्त होताना ज्याने पाहिली, त्याला पृथ्वीचा कललेला आस पाठ करावा लागत नाही.

आमच्या शाळांतील सामान्यज्ञानाच्या स्पर्धांत उत्तराला सारे गुण मिळतात आणि पुराव्याला एकही मिळत नाही. ही पद्धत बदलली पाहिजे. निम्मे गुण ‘हे कशावरून ठरले?’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी राखून ठेवावेत, आणि वृत्तपत्रांनीही अद्भुत माहितीची चौकट छापताना तिच्याखाली पडताळणीचा मार्ग दोन ओळींत द्यावा. ऐकीव गोष्टी आज क्षणार्धात सर्वदूर पोहोचतात. अशा काळात चकित होऊनही पुरावा मागणारा नागरिक घडविणे हे शिक्षणाचे पहिले कर्तव्य आहे, आणि त्याचा आरंभ फराळाच्या ताटापासूनही होऊ शकतो.