बेने इस्रायलांची वंशावळ नावांच्या कोड्यात

ज्यू घराण्यांच्या इतिहासासाठी इंटरनेटवर उभी राहिलेली साधने थक्क करणारी आहेत. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्यूइशजेन’च्या दफननोंद-संग्रहात अनेक देशांतील कबरस्तानांच्या लाखो नोंदी विनामूल्य पाहता येतात. पोलंडमधील ज्यूंच्या जन्म, विवाह व मृत्यूच्या दप्तरांची सूची ‘जेआरआय-पोलंड’ १९९५ पासून करीत आहे. मात्र कोकणातून मुंबईत आणि पुढे इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल कुळांचा शोध याच साधनांवर पहिल्याच रकान्यात अडतो. तो रकाना आडनावाचा.

या समाजासाठी वंशावळ हा निव्वळ हौसेचा विषय कधीच नव्हता. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बीपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. त्याविरुद्ध समाजाने निदर्शने केली आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने त्यांना पूर्ण ज्यू मानण्याचा ठराव केला. पुढे १९७० च्या दुरुस्तीने इस्रायलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क ज्यू व्यक्तीच्या नातवंडांपर्यंत वाढविण्यात आला. आजोबांचा हा वारसा सांगायचा तर तो कागदावर दाखवावा लागतो. अशा वेळी थडग्याचा दगडही पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतो.

नावांचा गुंता किती आहे, हे मुंबईतील सर्वांत जुन्या सिनेगॉगच्या संस्थापकावरून कळते. मांडवी भागात १७९६ मध्ये ‘शआर हारहमीम’ उभारणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे समाजात समाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. सॅम्युअलचा समाजी आणि इझिकेलचा हसाजी झाला, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. संगणकाला ते कसे उमगावे? ज्यू नावांच्या शोधात वापरली जाणारी ‘डाइच-मोकोटॉफ’ ही उच्चारसाम्याची पद्धत १९८५ मध्ये तयार झाली, ती पूर्व युरोपातील आडनावे डोळ्यांपुढे ठेवून. समाजी आणि सॅम्युअल तिच्या लेखी दोन निराळी माणसे ठरतात.

दुसरी अडचण ‘कर’ची. दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहीमकर ही आडनावे मूळ गाव सांगतात. पण अनेक घराण्यांनी व्यवहारात ती गाळून वडिलांचे वा आजोबांचे नावच आडनाव म्हणून लावले. कवी निस्सीम इझिकेल यांचे कुलनाम तळकर होते, हे त्यांच्या कित्येक वाचकांना ठाऊक नसेल. अशा घराण्यात केवळ ‘इझिकेल’ शोधल्यास परस्परांशी नाते नसलेली डझनभर कुटुंबे समोर येतात, आणि गावाचा दुवा मात्र हाती लागत नाही.

येथे दगड मदतीला येतो. बेने इस्रायलांच्या थडग्यांवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा आढळतात. हिब्रू ओळीत मृताचे व त्याच्या वडिलांचे धार्मिक नाव असते, तर मराठी ओळीत व्यवहारातले नाव, क्वचित गाव किंवा लष्करातील हुद्दाही असतो. म्हणजेच समाजी आणि सॅम्युअल एकच, याची साक्ष एकाच शिळेवर मिळू शकते. सूची करणाऱ्याने फक्त इंग्रजी मजकूर उतरवून घेतला तर नेमका हा जोड निसटतो. म्हणून यादीतील नोंदीवर विसंबणे धोक्याचे; छायाचित्र पाहिलेच पाहिजे, आणि मराठी वाचणाऱ्याने ते पाहिले तर अधिक बरे.

तारखांबाबतही सावध राहावे लागते. हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होते. ५६८५ या वर्षातून ३७६० वजा केल्यास १९२५ येते. पण मृत्यू वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल तर ३७६१ वजा करून १९२४ धरावे लागते. ज्यू दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे सायंकाळनंतरच्या मृत्यूची तारीख दगडावर आणि दाखल्यावर एका दिवसाने वेगळी दिसू शकते. तेवढ्यावरून नोंद दुसऱ्याची समजणे ही नवख्या शोधकाची नेहमीची चूक.

सरकारी दप्तराची मर्यादा आणखी निराळी आहे. देशभर एकसारखी सक्ती करणारा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा. त्यापूर्वीच्या, विशेषतः खेड्यांतील नोंदी सलग मिळतीलच असे नाही. विवाहांचे तर विचारूच नये. ख्रिश्चनांसाठी १८७२ चा आणि पारशांसाठी १९३६ चा विवाह कायदा आहे. भारतातील ज्यूंसाठी तसा स्वतंत्र कायदाच नाही. जुन्या लग्नांचा आधार म्हणजे केतुबा, अर्थात विवाहकरार, आणि सिनेगॉगची नोंदवही.

स्वातंत्र्यानंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला आणि कोकणातील अनेक गावांत कबरस्तान राहिले, राखणारे घर राहिले नाही. दर पावसाळ्यात तेथील अक्षरे थोडी झिजतात. छायाचित्रणाचे काम करणाऱ्यांनी आधी मुंबईबाहेरची, माणसे उरली नसलेली ही ठिकाणे घ्यायला हवीत. वरळीच्या ज्यू कबरस्तानात जायला अजून वारस आहेत.