रंगाचा हक्क

सामान्य माणसाच्या घरातील सौंदर्य कॅमेऱ्याने शोधून काढले, असे सांगण्याची कलासमीक्षकांना मोठी हौस असते. या शोधाची तिथीसुद्धा त्यांनी मुक्रर केली आहे : १९७६. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विल्यम एगलस्टन यांच्या रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. त्या काळात एगलस्टन अमेरिकेच्या दक्षिणेतील घरांतून पलंगाखाली पडलेले जोडे, उघडे ओव्हन, बर्फाने भरलेले फ्रीझर असले विषय टिपत होते. संग्रहालयाचे जॉन झारकोव्स्की यांनी ही छायाचित्रे परिपूर्ण ठरविली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे हिल्टन क्रेमर यांनी ती क्षुल्लक आणि कंटाळवाणी म्हणून झिडकारली. वाद गाजला. तो चालला छायाचित्रकाराच्या दृष्टीवर. ते ओव्हन रोज कोण पुसत होते, हा प्रश्न वादाच्या कक्षेतच आला नाही.

एगलस्टन स्वतः कापसाच्या मळेवाल्या घराण्यातले. ज्या डाय-ट्रान्स्फर पद्धतीने त्यांनी आपली चित्रे छापून घेतली, ती खर्चिक आणि मुख्यतः जाहिरातीच्या धंद्यात रूढ. बाजाराचा रंग उचलून त्यांनी तो वापरातल्या घराला दिला, एवढे श्रेय त्यांना निःसंशय द्यावे. जाहिरातीतला फ्रीझर विकायचा असतो, म्हणून तो चकचकीत. त्यांचा फ्रीझर कुणीतरी वापरलेला आहे. परंतु २०१२ साली क्रिस्टीजच्या लिलावात त्यांच्या ३६ छायाचित्रांना सुमारे ५९ लाख डॉलर आले, तेव्हा बाजाराने आपला रंग सव्याज परत नेला.

पुरोगामी मंडळींनी यावर नाके मुरडण्याचे कारण नाही. गरिबाचे घर काळ्यापांढऱ्यातच खरे, हा संकेत त्यांनीच जोपासला. वॉकर इव्हान्स यांनी १९३६ साली अलाबामातील अर्धेलीने शेती करणाऱ्या कुळांच्या घरांची छायाचित्रे घेतली. एका स्वयंपाकघराच्या भिंतीवर आडवी पट्टी ठोकून तिच्यामागे काटे-चमचे खोचून ठेवलेले आहेत. ही युक्ती इव्हान्स यांची नव्हे, त्या घराची. हेच इव्हान्स पुढे रंगीत छायाचित्रणाला ग्राम्य म्हणाले. आणि अखेरच्या काळात, १९७३पासून, स्वतःच पोलरॉइडच्या रंगीत कॅमेऱ्याच्या नादी लागले!

त्यांच्यासारख्यांना खेड्यापाड्यांत धाडणाऱ्या फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याचा आणि त्याचे काम पुढे चालविणाऱ्या खात्याचा संग्रह पाहावा. काळ्यापांढऱ्या निगेटिव्ह सुमारे १,७०,०००. रंगीत चित्रे अवघी १,६००च्या आसपास. रंगीत फिल्म नवी होती, महाग होती, वृत्तपत्रे काळ्यापांढऱ्यात छापली जात. कारणे खरी आहेत. परंतु ती रंगीत चित्रे पुढे कित्येक वर्षे विस्मरणात पडली, आणि त्या काळचे दारिद्र्य जणू करड्या रंगाचेच होते अशी समजूत पक्की झाली. तिचा लाभ गरिबाला काय झाला? त्याच्याविषयी कणव उत्पन्न झाली. त्याच्या निगुतीविषयी, आवडीनिवडीविषयी आदर उत्पन्न झाला नाही.

१९४० साली रसेल ली यांनी न्यू मेक्सिकोतील पाय टाउन येथे जमिनीत खणलेल्या घरातील एका कुटुंबाचे रंगीत छायाचित्र घेतले. भिंतींना वर्तमानपत्रे चिकटविलेली आहेत. रंगामुळे त्या घराचे दैन्य तसूभरही लपत नाही. असले चित्र पत्रकावर छापण्यास ज्यांना पुरेसे करुण वाटत नाही, त्यांनी एवढेच सांगावे : त्या भिंती झाकणाऱ्या हातांनी आपल्या घरातून रंग वगळण्याचा अधिकार त्यांना केव्हा दिला?