पथ्यपत्रकातील कांदा

आपल्या पथ्यपत्रकांवर बहुधा ‘कांदा वर्ज्य’ असे सरसकट छापलेले असते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २७ व्या अध्यायात मात्र पलांडु वातघ्न, कफकर, गुरू, बल्य व रोचक सांगून त्यास ‘आहारयोगी’ म्हटले आहे. तो पित्तशामक नव्हे, हेही तेथेच आहे. कोल्हापुरात वर्षाच्या चटणीतच कांदा-लसूण असतो. सरसकट निषेधाने रुग्ण पथ्यासह औषधही सोडतो, हा आमचा अनुभव आहे. अम्लपित्ताच्या रुग्णास कच्चा कांदा व तिखट चटणी अवश्य वर्ज्य सांगावी. परंतु अग्नी उत्तम असलेल्या वातप्रधान रुग्णास शिजवलेला कांदा नाकारू नये. औषधविक्रेते बंधूंनीही पत्रके छापताना तेथे वैद्यासाठी कोरी ओळ ठेवावी, अशी आमची विनंती आहे.