आदल्या दिवशीची फेरी



आज एका मैत्रिणीच्या पत्रापासून सुरुवात करू. टेकडीवरच्या सायकल शर्यतीत तिनं पहिल्यांदाच नाव दिलंय. विचारते, "आदल्या दिवशी सगळे सरावाची एक फेरी मारतात. मी मारू, की पाय राखून ठेवू?"

मार बाई, जरूर मार! फक्त ती शर्यत समजून मारू नकोस. हे मी कुणाच्या जोरावर सांगतो म्हणता? माझ्या डाव्या खांद्याच्या!

कॉलेजात असताना मीही असाच एका शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी टेकडीवर गेलो होतो. पुढे एक अनोळखी मुलगा भन्नाट वेगानं चालला होता. झालं! त्याच्या मागच्या चाकावर नजर ठेवून मीही सुसाट निघालो. वाट पाहिलीच नाही, नुसतं चाक पाहिलं. पावसाचं पाणी अडवायला टेकड्यांवर आडवे चर खणतात ना, तसा एक चर आला. तो मुलगा उडी मारून पलीकडे गेला. मला चर दिसला तो त्यात उताणा पडल्यावर. गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हासळीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशीची शर्यत मी हात गळ्यात अडकवून, एका बाभळीखाली बसून पाहिली. शर्यतीसाठी आईनं केलेले लाडू तिथेच संपवले.

म्हणून गेल्या डिसेंबरात माझ्या तेरा वर्षांच्या भाचीनं शर्यतीत नाव दिलं, तेव्हा सरावाच्या फेरीला मी मागोमाग गेलो. हेल्मेट सरावालाही हवंच, बरं का. हाडाला सराव आणि शर्यत यांतला फरक कळत नाही.

पहिल्याच चढावर सुटा मुरूम होता. ही उभी राहून पायडल मारायला गेली, तर मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. पुन्हा खाली आली आणि या खेपेस सीटवर बसून, अंग पुढे झुकवून चढली. आणखी एक गोष्ट तिला तिथेच कळली. गिअर चढ लागायच्या आधी बदलायचा. चढात जोर लावता लावता बदलला की चेन कुरकुरते, कधी उतरतेही.

वर सपाटीवर थांबून आम्ही टायरवरून बोट फिरवलं. बाभळीचा एक काटा निघाला, नशिबानं आत घुसलेला नव्हता. हवाही थोडी कमी केली. टायर फार टणक असलं की दगडावर चेंडूसारखं उडतं. पण फार हवा काढाल, तर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. साप चावल्यासारखी!

आणि मग उतारावर आला चर. माझ्या पोटात गोळाच आला. मोठी मुलं धडाधड उड्या मारत होती. भाची वाटेच्या बाहेर जाऊन थांबली. (थांबायचं ते नेहमी वाटेच्या बाहेर. मागून येणाऱ्याला ब्रेक लावायला जागा नसते.)

"मामा, सगळे उडी मारताहेत."

"मारू देत. तुला वाटा किती दिसतात?"

तिनं सायकल आडवी ठेवली आणि चालत खाली गेली. खालून वर पाहिलं. तुम्हीही असंच करा, वरून न दिसलेलं खालून दिसतं. "डावीकडे चर बुजलाय, मामा. तिथून लांब पडेल, पण फितीच्या आतच आहे." मग तिनं पावलं मोजली. उडीच्या वाटेनं सात, डावीकडून एकोणीस. नाहीच जमलं, तर उतरून सायकल हातात धरून पळायचं. या शर्यतीत ते चालतं. मात्र सायकलवरून येणाऱ्याला वाट द्यायची.

"पण मग मी घाबरट का?"

मी फक्त खांदा दाखवला. हसली.

घरी जाताना तिला टोकियो ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. कोरोनामुळे ते 2021 साली झालं. माउंटन बाइकची शर्यत जपानमधल्या इझू इथे होती. नेदरलँड्सचा मॅथ्यू वॅन डर पोल म्हणजे कसलेला गडी. पहिल्याच फेरीत एका मोठ्या दगडावरून खाली जाताना तो आपटला आणि पुढे त्याला शर्यत सोडावी लागली. सरावाच्या वेळी तिथे उतरायला फळी लावलेली होती. शर्यतीच्या दिवशी ती नव्हती आणि त्याला ते ठाऊक नव्हतं! सुवर्णपदक ब्रिटनच्या टॉम पिडकॉकनं नेलं. त्याचं हासळीचं हाड दोनच महिन्यांपूर्वी मोडलं होतं. (हे ऐकून भाचीनं माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच संयोजकांना जाऊन विचारलं, "काका, कालच्यापेक्षा काही बदललंय का?" बदललं होतं. एक वळण आत घेतलं होतं. शिवाय कुणी न सांगता बदललेल्या गोष्टी होत्याच. संध्याकाळी पाठीवर असलेलं ऊन आता उतारावर थेट डोळ्यांत येत होतं आणि गवतातले कातळ दवानं ओले होते. तिनं टोपीचा छज्जा हेल्मेटखालून थोडा पुढे ओढला.

शर्यत तीन फेऱ्यांची. मी चरापाशी जाऊन उभा राहिलो. पहिल्या फेरीत दोन मुलं तिथे एकमेकांवर आदळली. भाची डावीकडून, एकोणीस पावलांच्या वाटेनं, शांतपणे निघून गेली. दुसऱ्या फेरीतही तसंच. माझा जीव भांड्यात पडला आणि मी पाणी प्यायला गेलो.

शेवटी आली ती लाल धुळीनं माखलेली. कितवी आली ते तिनं विचारलंच नाही. "मामा, पाहिलंस ना? तिसऱ्या फेरीत मी उडी मारली!"