त्याला आठवतं, आपलं विचारणं चुकतं

द्वारका चौकापासून वडाळा नाक्यापर्यंत कुठल्याही गल्लीत जा, शाळा सुटल्यावर अम्मी मुलाला एकच प्रश्न विचारते, ‘आज स्कूल में क्या किया?’ बहुतेक मुलं दोन शब्दांत सुटका करून घेतात. ऑटिझम असलेलं मूल कधी भिंतीकडे बघत राहतं, तर कधी तोच प्रश्न जसाच्या तसा परत म्हणतं. आणि रात्री हेच मूल सूरह रहमान अशी म्हणतं की मोबाइलवरचे कारीसाहेब जिथे श्वास घेतात तिथेच त्याचाही श्वास पडतो. सिटीलिंकच्या बसचे नंबर त्याला पाठ असतात. मागच्या ईदला कोण कुठल्या रंगाचा कुर्ता घालून आलं होतं, तेही माहीत असतं.

अशा मुलाबद्दल मोहल्ल्यात दोन निकाल तयार असतात. सकाळी शाळेच्या दारात तो ‘मंदबुद्धी’ असतो. संध्याकाळी नातेवाइकांत ‘अल्लाहची देन आहे, याला हाफिज करा’ असं ठरतं. मध्ये कुणीतरी नजर उतरवून घ्यायला आमिलाचा पत्ता देतं. पहिले दोन निकाल एकमेकांच्या उलट वाटतात, पण दोन्हींमागची समजूत एकच आहे. स्मरणशक्ती म्हणजे पाण्याची टाकी, एक तर भरलेली नाहीतर रिकामी.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. तिथे माहिती साठवणं, ती एकमेकींशी जोडणं आणि हवी तेव्हा शोधून काढणं ही तीन वेगळी कामं असतात. नोंद डेटाबेसमध्ये जागेवर असते, पण चुकीच्या शब्दाने शोधलं तर स्क्रीन रिकामी येते. मूल म्हणजे सर्व्हर नव्हे, त्यामुळे ही उपमा मी फार ताणणार नाही. पण रिकामी स्क्रीन पाहून डेटाच नाही असं कुणी अनुभवी माणूस म्हणत नाही, एवढं मात्र इथे उपयोगी पडतं.

मानसशास्त्रात हे नवं नाही. १९६० च्या दशकात लंडनमध्ये बीटा हर्मेलिन आणि नील ओकॉनर यांनी मुलांना शब्दांच्या याद्या ऐकवल्या. काही याद्यांत शब्द विस्कळीत होते, काहींत त्यांचं नीट वाक्य बनत होतं. इतर मुलांना वाक्य खूप सोपं गेलं, कारण अर्थाच्या धाग्यात शब्द ओवले जातात. ऑटिझम असलेल्या मुलांना या धाग्याचा फायदा कमी झाला. पुढे १९७६ मध्ये जिल बाउचर आणि एलिझाबेथ वॉरिंग्टन यांना दिसलं की ‘आठवतील ते शब्द सांग’ म्हटलं की ही मुलं मागे पडतात, पण खूण दिली की बरोबरीला येतात. बाउचर आणि लुईस यांच्या १९८९ च्या अभ्यासात तर शब्दांऐवजी मुलांनी स्वतः केलेल्या गोष्टी होत्या. ‘काय काय केलंस?’ या मोघम प्रश्नाला उत्तर येईना, नेमका प्रश्न विचारला की येई. डर्मॉट बाउलर यांनी नंतर याचाच सिद्धांत मांडला. प्रश्नातच आधार असेल तर स्मरण चालतं, सगळा शोध मुलावर सोडला तर अडतं.

सगळी मुलं सारखी नसतात, हे इथेच सांगायला हवं. काहींचं पाठांतर जेमतेम असतं, काही बोलतच नाहीत. पण अम्मीचा तो रोजचा प्रश्न या मुलांसाठी सर्वांत अवघड प्रकारात मोडतो, हे लक्षात घ्या. त्याऐवजी वहीतलं चित्र समोर धरून ‘हे आज काढलंस की काल?’ असं विचारावं, आणि मग थांबावं. दहा सेकंद. आपल्याकडे दहा सेकंद गप्प बसणं हीच मोठी अडचण आहे, तीन सेकंदांत फुफी उत्तर देऊन मोकळी होते.

आता जोडण्याचं काम. माझ्या माहितीतला एक मुलगा घरच्या बेसिनवर वजू अगदी क्रमाने करतो, एकही पायरी चुकत नाही. मशिदीतल्या नळांच्या रांगेसमोर तो गोठला. लोकांना वाटलं, जिद्दी आहे. त्याने वजू साठवला तो त्या बेसिनसकट, त्या आरशासकट, घरातल्या त्या शांततेसकट. आपण ‘वजू’ नावाची एक कल्पना वेगळी काढून कुठेही नेतो. त्याच्यासाठी मशिदीतला वजू हे नवंच काम होतं. जुम्माची गर्दी नसताना, असर आणि मगरिबच्या मध्ये, घरची पायऱ्यांची तीच चित्रपट्टी नळाजवळ लावून चार-पाच वेळा करून घेतलं तेव्हा जमलं. इमामसाहेबांनी त्यासाठी दार उघडं ठेवलं, ही त्यातली मोठी गोष्ट. एका अंध सहाबींकडे दुर्लक्ष झालं म्हणून सूरह अबस उतरली, हे आपण मक्तबमध्ये शिकतो. आणि असं मूल सफमध्ये आवाज करू लागलं की त्याच्या अब्बूंना मागे जायला सांगतो.

बोलण्यातही हेच दिसतं. तहान लागली की मूल ‘पानी पीना है क्या?’ असं उलट आपल्यालाच विचारतं, कारण पाणी मिळालं तेव्हा हेच वाक्य कानावर पडलं होतं. ती पोपटपंची नसते, त्याच्या जवळची नोंद तशीच अख्खी बाहेर येते. अशा वेळी हसण्याऐवजी पाणी द्यावं आणि ‘मुझे पानी चाहिए’ हे त्याच्या बाजूने म्हणून दाखवावं. आपल्याकडे घरात दखनी किंवा उर्दू, शाळेत मराठी, मक्तबमध्ये अरबी, म्हणून ‘घरची भाषा सोडा’ असा सल्ला हमखास मिळतो. दोन भाषांमुळे या मुलांचं नुकसान होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आईच्या तोंडची भाषा काढून घेतली तर खुणांचा मोठा साठाच जातो.

पाठांतराबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. ऑटिझमचं सविस्तर वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ११ मुलांवरून केलं. त्यातला पहिला मुलगा, डॉनल्ड ट्रिपलेट, अडीच वर्षांचा असताना बायबलमधलं स्तोत्र आणि धर्मशिक्षणाची २५ प्रश्नोत्तरं तोंडपाठ म्हणायचा. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातला कौतुकाचा सोहळा मिसिसिपीतही झाला होता. कॅनर यांना मात्र काळजी वाटली की अशा पाठांतरात भाषा संवादापासून दूर जाते. हिफ्ज करू नये असं मी म्हणत नाही. मुलाला गोडी असेल तर जरूर करावं. पण पाहुण्यांसमोर म्हणून दाखवण्याइतकाच वेळ त्याला ‘पोट दुखतंय’ हे सांगायला शिकवण्यात जातो का, हा हिशेब घरात व्हायला हवा. डॉनल्ड पुढे बँकेत नोकरीला लागले, गाडी चालवायला शिकले, एकटे देशोदेशी फिरले. कुटुंब सधन होतं हे खरं, पण गावानेही त्यांना आपलं मानलं होतं.

आपल्याकडे आधार कायद्याचा आहे आणि आपण तो वापरत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ऑटिझमचा स्वतंत्र उल्लेख आहे. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा बदलांची तरतूद आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला कलम ३१ प्रमाणे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठीची तपासणी ४० मुद्द्यांच्या भारतीय मोजपट्टीवर होते आणि अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरता येतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचाही खर्च येतो.

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून द्यायला मोहल्ल्यात लॅपटॉप घेऊन बसणारी पोरं-पोरी हे काम एका बैठकीत करू शकतात. अडतं ते वेगळ्याच जागी. ‘कागदावर आलं तर मोठ्या बहिणीचा रिश्ता कसा जमेल?’ मग अर्ज भरला जात नाही, भरला तरी कार्ड कपाटात राहतं, आणि मुलगा दहावीला जादा वेळेशिवाय, लेखनिकाशिवाय बसतो.