जुन्या फटफटीचा नवा गळा

जुनी मोटरसायकल जतन करणाऱ्या गृहस्थाविषयी आम्हांस आदरच आहे. जिचे सुटे भाग मिळेनासे झाले, जिच्यावर बसण्यापेक्षा जिच्याखाली निजण्यातच रविवार जातो, अशी वस्तू घरात ठेवणे हे एक व्रतच होय. परंतु हेच व्रतस्थ मूळचा सायलेन्सर उपटून त्या जागी बाजारातले पोकळ नळकांडे बसवितात आणि त्या कृत्यास ‘जीर्णोद्धार’ म्हणतात, तेव्हा मौन पाळणे कठीण होते. देवळाचा जीर्णोद्धार करताना गाभारा काढून तेथे नगारखाना कोणी बांधीत नाही.

त्यांची कैफियत अशी की, सायलेन्सर म्हणजे इंजिनाच्या नरड्यावर ठेवलेला अंगठा; तो काढला की गाडीची ताकद वाढते. ही कैफियत तपासून पाहू. उदाहरण बुलेट 350 चेच घ्या. 1955 साली मद्रासेत जिच्या उत्पादनाचा पाया घातला गेला, त्या या गाडीस एकच सिलिंडर. व्यास 70 मिलिमीटर, दट्ट्याची फेरी 90 मिलिमीटर, एकूण 346 घन सेंटिमीटर. फेरी लांब म्हणून गाडीचा जोर मंद गतीत. घोडदौड हा तिचा धर्मच नव्हे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावते, मोकळ्या टोकाशी पोचली की विरळ होऊन उलट फिरते, आणि वेळेवर परतली तर सिलिंडरातील उरलासुरला धूर ओढून काढते. नळीची लांबी आणि सायलेन्सरच्या पोटातील कप्पे यांवर हा हिशेब अवलंबून असतो. तो बिघडविला, पण कार्ब्युरेटरचा जेट जुनाच ठेवला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकते. मग प्लग पांढुरका पडतो, इंजिन तापते, आणि मूठ सोडताच नळीतून बार निघू लागतात. हे बार म्हणजे बिघाडाची तक्रार. आमचे मित्र त्यांस टाळ्या समजतात! मुळात अवघी सुमारे 18 अश्वशक्ती. तीत भर पडलीच, तर ती कानाला जाणवते, चढावाला नाही.

जावाच्या बाबतीत तर अपराध अधिक गंभीर. 1961 पासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होऊ लागलेल्या त्या दोनठोकी गाडीस व्हॉल्व्हच नाहीत. तिचे निर्गमद्वार दट्ट्याच उघडतो, दट्ट्याच मिटतो. आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण मागे रेटण्याचे काम बाहेरची नळीच करते. तेथे सायलेन्सर हा इंजिनाचा दागिना नसून अवयव आहे.

प्रतिपक्ष म्हणेल, ‘अहो, आवाजावरूनच तर तिला फटफटी म्हणतात!’ कबूल. परंतु हे नाव ज्यांनी ठेवले त्यांनी सायलेन्सर लावलेलीच गाडी ऐकली होती. त्या ‘फट’ आणि ‘फट’ यांच्यामध्ये जो अवकाश असे, त्यात गाडीची सारी ओळख साठलेली होती. पखवाजावर दोन थापांमधली जागा भरून टाकणाऱ्यास आपण वादक म्हणत नाही. बाजारात या नळकांड्यांना ‘पंजाब’, ‘इंदोरी’ अशी नावे आहेत. (इंदूरच्या वाचकांनी क्षमा करावी, त्या नगरीचे नाव संगीताशी जोडलेले ऐकण्याची आम्हांस सवय.)

आता कायदा. प्रत्येक मोटारवाहनास ध्वनी शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवा, असे 1989 च्या केंद्रीय नियमांतील 120 वा नियम सांगतो. 1988 च्या अधिनियमाचे 52 वे कलम वाहनातील फेरफारांवर बंधन घालते, आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत स्पष्ट केले. त्याहून मार्मिक गोष्ट 2021 ची. त्या वर्षी 50 वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आली; अट अशी की वाहन मूळ रूपात राखलेले असावे. फेरफाराच्या व्याख्येत सांगाडा आणि इंजिन यांचा उल्लेख आहे, सायलेन्सरचा नाही, असा युक्तिवाद एखादा वकीलमित्र करील. फी मिळाली असती तर आम्हीही केला असता. परंतु ‘मूळ रूप’ या शब्दांच्या बळावर सवलत मागायची आणि मूळ कंठच कापून टाकायचा, हे कोणत्या न्यायात बसते?

आमचा आक्षेप नव्या भागावर नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पत्रा गंजतो, बूड गळून पडते; तेव्हा त्याच मापाचा, आत तीच रचना असलेला नवा सायलेन्सर बसविणे हे कर्तव्यच.

हे आम्ही फिर्यादीच्या पिंजऱ्यातून बोलत नाही. आमच्या काकांची 1966 ची बुलेट त्यांच्यामागे आमच्याकडे आली. एका गॅरेजवाल्याच्या शब्दावर भुलून आम्ही तिचा सायलेन्सर काढविला; जुना भंगारात वजनावर गेला. त्या संध्याकाळी गाडी गल्लीत वळली. काकांच्या वेळी ती वेशीपाशी आली की काकू चुलीवर आधण ठेवीत. त्या दिवशी दार उघडून त्यांनी विचारले, “कोण आलंय रे?” आम्ही म्हटले, “काकू, मीच. काकांची गाडी.” त्या क्षणभर ऐकत राहिल्या. “ही ह्यांची नव्हे,” म्हणाल्या, आणि आत गेल्या.

नळकांडे दुसऱ्याच दिवशी उतरविले. जुन्या बाजारातून बूड गेलेला एक मूळचा सायलेन्सर पुढे सात महिन्यांनी मिळाला. एका वृद्ध वेल्डरने त्याला खालून पत्रा लावून दिला आणि आतली जाळी मात्र हात न लावता तशीच ठेवली. ठोका बराचसा परतला आहे. उताराला किंचित चिरका येतो, त्यासाठी जेट बदलून पाहत आहोत.